चोरीला ‘गहाळ’ का लिहून घेतात?

माणगंगा – सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण हकीकत सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

गेल्या सोमवारी आई आठवडी बाजारात गेली होती. खांद्याला तिची नेहमीची पिशवी, जुन्या खणाच्या ब्लाउजपीसची, स्वतः शिवलेली. आत फोनसाठी वेगळा कप्पा आहे, त्याला प्रेसचं बटण. मेथीच्या जुड्या निवडत असताना मागून कुणीतरी रेटलं, एवढंच तिला आठवतं. घरी येऊन पिशवी उपडी केली तर लसणाच्या कांड्या खालून बाहेर आल्या. पिशवीला बाजूने चार बोटं लांब चीर. सरळ, पट्टी ठेवून मारावी तशी. बटण अजून लागलेलंच होतं. फोन नाही. पैशाची पर्स कमरेला होती म्हणून वाचली.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार माणूस बरा होता. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, “ताई, गहाळचं देतो. लगेच होईल. सिम मिळेल, फोन ब्लॉक होईल, तुमचं काम भागलं.” छापील मजकूर होता, त्यात नाव-गाव-नंबर भरायचा: बाजारात फिरत असताना कोठेतरी पडून गहाळ झाला आहे, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मी वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, “पडला? मग पिशवी काय उंदराने कुरतडली?”

ते हसले, कॉम्प्युटरवरचा शिपाईही हसला. मजकूर होता तसाच राहिला. साडेसात वाजले होते, शेवटची एसटी आठची. सही केली. आता हात चोळत बसलेय, कारण फोनचा विमा होता आणि विमा कंपनी म्हणते की हरवलेला फोन आमच्यात बसत नाही, चोरी असेल तर एफआयआर आणा.

मला जाणून घ्यायचंय ते असं. त्या माणसाला कामचुकार म्हणवत नाही. गहाळच्या कागदालाही त्याने आमच्यासोबत चाळीस मिनिटं घालवलीच. मग चोरी लिहायला एवढी का नको? हे आता बदलून मिळतं का? आणि यावर कुणी नीट अभ्यास केलाय का, की हे फक्त आमच्याच गावचं दुखणं?

---

तिरकस – सोमवार, रात्री ११.०५

एफआयआर केलीत तरी फोन मिळणार नाही, नाही केलीत तरी नाही. फरक एवढाच की पहिल्यात चकरा जास्त. आईंना नवीन फोन घ्या आणि विषय सोडा.

---

काळा कोट – मंगळवार, सकाळी ८.१५

तिरकसराव, विमा तुमच्या खिशातून देणार असाल तर सोडतो विषय.

माणगंगा, कायद्यापुरतं सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या हुकुमाशिवाय तपास करू शकतात त्याची, खबर आली की गुन्हा नोंदवावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगून ठेवलंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १५४ जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आलं. त्यात हद्द कुणाचीही असो, खबर घ्यावी लागते. ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतली नाही तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. नव्या भारतीय न्याय संहितेत चोरी ३०३(२) ला आहे, आणि चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर ती चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही. “जुनाच फोन ना, किंमत चार हजार टाकू” असं कुणी सहज म्हणालं तर मान डोलवू नका. बिल सोबत ठेवा.

आणि ‘गहाळ’वर सही केली म्हणून दार बंद होत नाही. खरी हकीकत सांगणारा लेखी अर्ज पुन्हा देता येतो. ती कापलेली पिशवी धुऊ नका!

---

बक्कल नंबर – मंगळवार, दुपारी ३.३०

ताई, मी ३४ वर्षं खात्यात होतो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची सहा वर्षं ठाणे अंमलदाराच्याच खुर्चीत. तुमच्या आईंना दिला तो मजकूर मी किती जणांपुढे सरकवला याचा हिशेब नाही. काहींना तर पेनाचं टोपण काढून दिलंय. म्हणून उत्तर द्यायला बसलोय. टायपिंग एका बोटाने आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही बरोबर ओळखलंत, हा आळस नाही. आळशी माणसाला त्या खुर्चीत कोणी बसवत नाही. कारण दुसरं आहे, आणि ते एका तक्त्यात आहे.

दर महिन्याला गुन्हे आढावा बैठक असते, आम्ही ‘क्राइम मीटिंग’ म्हणतो. प्रत्येक ठाण्याचा प्रभारी आपला तक्ता घेऊन जातो. गुन्ह्याचा प्रकार, मागच्या वर्षी याच महिन्यात किती, यंदा किती, वाढ की घट, उघड किती, टक्केवारी किती. चोरीपुढे अधिक अकरा दिसलं की सगळ्यांसमोर विचारणा. “काय करताय काय? गस्त आहे की नाही?” उत्तर काय देणार? सोमवारच्या बाजारात बाहेरची टोळी उतरली, दुपारी तीनच्या गाडीने पसार झाली, हे उत्तर नाही म्हणत तिथे. आणि साहेबांनाही वर दुसऱ्या बैठकीत तेच ऐकायचं असतं.

आता गंमत बघा. त्या तक्त्यात गहाळला कॉलमच नाही. महिन्याला पन्नास फोन गहाळ झाले तरी कुणी भुवई उचलत नाही. आमच्या एका प्रभारी साहेबांनी बैठकीहून आल्यावर मला बोलावलं. तोंडाने काही बोलले नाहीत. गहाळच्या कागदांचा गठ्ठा उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. झालं, मला कळलं.

मोबाईल चोरी तर सगळ्यात वाईट. खुनात बहुतेक वेळा मारणारा ओळखीचा निघतो, खून उघड होतो. घरफोडीत ठसे मिळतात, सोनाराकडे माल सापडतो. बाजारातला फोन पाच मिनिटांत बंद होतो आणि आठवड्यात राज्याबाहेर जातो. म्हणजे गुन्हा नोंदवला की खालचा आकडा वाढतो, वरचा ‘उघड’चा आकडा जागचा हलत नाही. टक्केवारी घसरते. नोंदवणारा ठाणे अंमलदार म्हणजे घरच्याच ताटात माती कालवणारा.

त्यावर कामाचा डोंगर. चोरी लिहिली की फिर्याद सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या कॉम्प्युटर यंत्रणेत, टाइप करा, गुन्हा रजिस्टर नंबर पडला, स्टेशन डायरीला नोंद, न्यायालयाला अहवाल. मग तपासी अंमलदार घटनास्थळी पंचनाम्याला. पंच दोन लागतात. सोमवारच्या बाजारात पंच शोधून दाखवा. भाजीवाली म्हणते, “दादा, पंच होऊ की वांगी विकू?” मग मोबाईल कंपनीला पत्रव्यवहार, स्मरणपत्रं, आणि सात-आठ महिन्यांनी ‘अ’ समरी. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. ती न्यायालयाने मंजूर करायची. एकेका हवालदाराच्या हाती असे तीस-चाळीस तपास, आणि मध्येच गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा. गहाळला काय लागतं? एक कागद, एक शिक्का.

ड्यूटीचं म्हणाल तर २०१९ साली ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ या संस्थांनी २१ राज्यांतल्या पोलिसांची पाहणी केली, दिवसाला सरासरी १४ तास काम निघालं. मुलाने मोबाईलवर वाचून दाखवलं तर आमची मंडळी आतून म्हणाली, “१४च?” मुंबईत २०१६ ला देवनार ठाण्यापासून आठ तासांची ड्यूटी सुरू केली तेव्हा आम्ही इकडे ग्रामीण भागात ती बातमी लग्नाच्या आहेराची यादी वाचावी तशी वाचायचो. दुसऱ्याच्या.

इथपर्यंत आमची बाजू झाली. आता जे सांगतो ते घरीही फारसं बोललेलो नाही.

२००९ ची गोष्ट. सकाळी नऊला एक पोरगा आला, बावीस-तेवीसचा. गावातून डेअरीला दूध घालायचा. स्टँडबाहेर लावलेली स्प्लेंडर गेली होती. त्या काळी, आणि खोटं कशाला बोलू, आजही बऱ्याच ठिकाणी, मोटारसायकलला एक ठरलेलं वाक्य असतं: “दोन दिवस शोध, कुणी मित्राने नेली असेल, नाही मिळाली तर ये.” मी तेच म्हणालो. तो गेला. डायरीला नोंद नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत दोघांनी त्याच गाडीवरून एका बाईचं मंगळसूत्र ओढलं. पानटपरीवाल्याने नंबर टिपला. पहाटे चारला तिथल्या डीबी (गुन्हे शोध) पथकाने पोराला मळ्यातून उचललं. सकाळभर तो एकच सांगत होता, मी काल पोलीस ठाण्यात जाऊन आलो, तिथे विचारा. त्यांनी आमच्याकडचं रेकॉर्ड विचारलं. रेकॉर्डला तो आलाच नव्हता. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि मला फोन केला, असा कुणी आला होता का? मी म्हणालो, आला होता. दुपारी त्याला घ्यायला मीच गेलो. एकाच पायात चप्पल होती. दुसरी मळ्यात राहिली असणार. गाल सुजला होता का, ते मी बघितलं नाही, म्हणजे बघायचं टाळलं. गाडीत पाठीमागे बसला आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर डेअरीवर तो दिसला की मी दुसरीकडून दूध घ्यायचो.

सांगायचं काय, तर गहाळ लिहिल्याने फक्त तुमचा विमा बुडत नाही. आम्हीच आमचे डोळे बांधतो. तुमच्या बाजारात त्या सोमवारी एकच फोन गेला असेल असं वाटतं का? त्याच्या आधीच्या सोमवारी? शेजारच्या तालुक्यात गुरुवारी? सगळीकडे ब्लेडच? चार ठाण्यांत बारा एफआयआर असत्या तर एखादा हुशार अंमलदार टेबलावर मांडून बोट ठेवता, की ही एकच टोळी, सोमवारी इथे, गुरुवारी तिथे, आणि भाजीच्या ओळीतच. बारा गहाळमधून काय दिसतं? बारा विसरभोळी माणसं.

आणखी एक. पेपरात फोटो बघता ना, ‘गहाळ झालेले मोबाईल मूळ मालकांना परत’? त्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मी मांडल्यात. मागे बॅनर, पुढे साहेब, लोक खूश. चांगली गोष्ट आहे, दूरसंचार खात्याच्या यंत्रणेत आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकला की चालू झालेला फोन कळतो, आणि आमची पोरं खपून ते परत आणतात. पण फोन सापडतो दुसऱ्या राज्यात. पडलेला फोन चालत तिकडे गेला का? ज्याच्या हातात सापडतो तो म्हणतो, मी दुकानातून घेतला. कोणत्या दुकानातून, त्याने कोणाकडून, हे विचारत मागे जायचं तर गुन्हा दाखल पाहिजे. इथे गुन्हाच नाही, तर विचारणार कोणत्या नंबराखाली? फोन घरी येतो, चोर पुढच्या बाजाराला जातो.

आता तुमचं काम. सोमवारी जाऊ नका, संध्याकाळी जाऊ नका. सकाळी दहा-साडेदहाला, हजेरी आटोपल्यावर जा. पिशवी, बिल, आयएमईआय असलेला खोका बरोबर घ्या. अर्ज आधीच घरून लिहून न्या, साध्या भाषेत, त्यात ‘अज्ञात इसमाने ब्लेडसारख्या धारदार वस्तूने पिशवी कापून’ हे शब्द पाहिजेत. आवक शिक्का मारून प्रत मागा. काळा कोट यांनी सांगितलेली कलमं खिशात असू द्या, तोंडावर फेकू नका. ठाणे अंमलदाराने टाळलं तर त्याच्याशी वाद न घालता प्रभारी साहेबांना भेटायचंय म्हणा. आणि आईंना घेऊन जा. उंदराचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं तर बरंच.

---

प्रश्नपत्रिका – मंगळवार, रात्री ९.२०

बक्कल नंबर काका, नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, प्रबंधाच्या निमित्ताने यावर थोडं वाचलंय. माणगंगाताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, झालाय अभ्यास, आणि मजेशीर झालाय.

२००५ ते २००८ दरम्यान राजस्थान पोलिसांबरोबर एक मोठा प्रयोग झाला. ११ जिल्हे, १६२ पोलीस ठाणी. करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते (ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं), आणि नीना सिंह या आयपीएस अधिकारीही होत्या. चिठ्ठ्या टाकून ठाणी निवडली आणि कुठे साप्ताहिक सुट्टी, कुठे बदल्यांवर बंधन, कुठे गावातली माणसं ठाण्यात निरीक्षक म्हणून बसवणं, कुठे प्रशिक्षण, असं करून बघितलं. प्रशिक्षणाचा उपयोग दिसला, तक्रारदार जास्त समाधानी निघाले. सुट्टी आणि गावकरी निरीक्षक हे कागदावर छान होतं, पण ठाण्यांनी थोड्याच दिवसांत सोडून दिलं. काका, तुम्हाला नवल वाटणार नाही.

पण मला आवडलेला भाग वेगळा. त्यांनी बनावट तक्रारदार पाठवले. साधी माणसं, हातात खोटी पण पटेल अशी चोरी वगैरेची तक्रार, आणि बघायचं की घेतात का. बऱ्याचदा घेत नव्हते. मात्र अशी माणसं येतात ही कुणकुण ठाण्यांना लागली तशी नोंदणी वाढली. समोरचा खरा की पाठवलेला, हे कळेना ना!

मध्य प्रदेशातही १८० ठाण्यांत महिला मदत कक्षांचा प्रयोग झाला, २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. कक्ष असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या. एफआयआरमधली वाढ मुख्यतः जिथे कक्ष बाई अधिकाऱ्याकडे होता तिथे. पुरुष हवालदाराला वेगळं टेबल दिलं म्हणून त्याचं पेन आपोआप चालत नाही, एवढं तरी कळलं.

आणि मोजण्याचं म्हणाल तर आपल्याकडे सगळी भिस्त पोलिसांच्याच आकड्यांवर. २०१७ मध्ये आयडीएफसी इन्स्टिट्यूट या अभ्यास संस्थेने दिल्ली, मुंबई, बंगळुरू, चेन्नईत २० हजारांहून जास्त घरांत जाऊन थेट विचारलं होतं. ज्यांच्याकडे चोरी झाली होती त्यांच्यात एफआयआरपर्यंत पोचलेले दहात एकही नव्हते.

---

थेम्सकाठचा – मंगळवार, रात्री ११.५०

मी मूळ साताऱ्याचा, गेली १६ वर्षं इंग्लंडमध्ये. ‘आमच्याच गावचं दुखणं’ वाचलं म्हणून लिहितोय. नाही हो, इथेही हेच.

२०१३ च्या नोव्हेंबरात लंडनच्या पोलीस दलातल्या जेम्स पॅट्रिक नावाच्या एका साध्या कॉन्स्टेबलने संसदेच्या समितीपुढे जाऊन सांगितलं की गुन्ह्यांचे आकडे दाबले जातात, गंभीर गुन्हा हलक्या खात्यात टाकला जातो. दोन महिन्यांत इथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या आकड्यांवरचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा शिक्काच काढून घेतला. मग पोलिसांवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांनी तपासणी केली. २०१४ च्या अहवालात निघालं की लोकांनी कळवलेल्यातले १९ टक्के गुन्हे नोंदलेच जात नाहीत, वर्षाला ८ लाखांच्या वर. लैंगिक गुन्ह्यांत २६ टक्के. ही साहेबाच्या देशाची गत, जिथे आमचा शेजारी कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला म्हणून चिठ्ठी पाठवतो.

पुढे नोंदी सुधारल्या, काही वर्षांत नव्वद टक्क्यांच्या वर गेल्या. पण गंमत अशी की नोंदी सुधारल्या म्हणून गुन्ह्यांचा आकडा फुगला आणि पेपरांनी बोंब मारली की हिंसा वाढली. इथे निदान १९८० च्या दशकापासून घरोघरी विचारायची वेगळी पाहणी चालते, त्यामुळे ताडून बघता येतं.

न्यूयॉर्कमध्ये तर १९९४ पासून ‘कॉम्पस्टॅट’ नावाची पोलिसांची गुन्ह्यांच्या आकड्यांवरची बैठक आहे. बक्कल नंबर काकांचं वर्णन वाचून मला तीच आठवली, फक्त भिंतीवर नकाशे जास्त. तिथल्या ८१ व्या प्रिसिंक्टमधल्या (म्हणजे ठाण्यातल्या) स्कूलक्राफ्ट नावाच्या पोलिसाने हजेरीला साहेब काय बोलतात ते गुपचूप रेकॉर्ड केलं. तक्रारी कशा घ्यायच्या नाहीत, कशा हलक्या करायच्या. २००९ मध्ये त्याला घरातून उचलून मनोरुग्णालयात नेऊन ठेवलं. पुढे खात्याच्या चौकशीत त्याचं बरंचसं खरं निघालं.

---

बक्कल नंबर – बुधवार, सकाळी ६.४५

सकाळी फिरून आलो आणि हे वाचलं. म्हणजे गठ्ठा टेबलावर ठेवून चहा मागवणारे साहेब न्यूयॉर्कलाही आहेत तर.

पोरी, तुझ्या बनावट तक्रारदारांचं पटलं. आमच्याकडे एकदा वरिष्ठ कार्यालयातून साध्या वेशात माणूस पाठवला होता, सायकल चोरीची तक्रार घेऊन. त्याने बूट खात्याचेच घातले होते, लाल. आमच्या शिपायाने दारातच ओळखला. अशी फिर्याद इतक्या प्रेमाने कुणाची घेतली नसेल कधी. पाठवायचं तर चप्पल घालून पाठवा.

बाकी दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातच म्हटलेलं असतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या एका अधीक्षकांनी ते वाक्य बैठकीत मोठ्याने वाचलं होतं. म्हणाले, ज्याची चोरी वाढेल त्याला मी विचारणार नाही, ज्याची अचानक शून्य होईल त्याला विचारीन. ते होते तोवर आमची बोटं मोकळी होती. दीड वर्षाने त्यांची बदली झाली. नव्या साहेबांचा पहिला तक्ता आला तेव्हा अधिक-उणेचा कॉलम लाल शाईत होता.

ताई, गेलात का?

---

माणगंगा – शुक्रवार, दुपारी १.१०

गेलो! काल सकाळी सव्वादहाला, आईला घेऊन.

ठाणे अंमलदार दुसरे होते. अर्ज वाचला, म्हणाले याची तर गहाळची नोंद झालीय. मी म्हटलं, तेव्हा गडबडीत झाली, साहेबांना भेटू का. तेवढ्यात आईने पिशवी टेबलावर ठेवली आणि चिरेतून हात आरपार घालून बोटं हलवून दाखवली. बोलली काही नाही. ते बघत राहिले. मग उठून आत गेले, पाच मिनिटांनी आले आणि म्हणाले, “बसा मावशी, फिर्याद सांगा.”

दोन तास लागले. भाजीवालीच्या शेजारचा नारळवाला पंच झाला, त्याची आईशी जुनी ओळख. किंमत बिलाप्रमाणे १६,४९९. कलम ३०३(२), गुन्हा रजिस्टर नंबर पडला, प्रत मिळाली, पैसे मागितले नाहीत. लिहून घेणारा शिपाई तोच, परवा हसणारा. जाताना हळूच म्हणाला, त्या सोमवारी अजून तिघांचे गेले, सगळे गहाळला आहेत. त्यातल्या एका शिक्षकांचा नंबर आईने आमच्या भजनी मंडळातून काढलाय, त्यांनाही सांगणार आहे.

विमा कंपनीला प्रत पाठवली. त्यांनी आता विचारलंय की एफआयआर दहा दिवस उशिरा का. काळा कोट, याचं काय उत्तर देऊ?

आणि एक घोळ झाला. पिशवी मुद्देमाल म्हणून जप्त केली. कागदात गुंडाळून लाख लावली, वर चिठ्ठीवर पंचांच्या सह्या. आईला वाटलं होतं दाखवून परत देतील. कालपासून मला विचारतेय की खणाची पिशवी कधी मिळणार, ती चीर तिला आतून ठिगळ लावून शिवायची आहे.

---

काळा कोट – शुक्रवार, दुपारी २.३०

विमा कंपनीला गहाळच्या दाखल्याची तारीख दाखवा. पोलीस ठाण्यात त्याच संध्याकाळी गेल्याचा पुरावा तोच आहे. निदान त्या कागदाचा तेवढा तरी उपयोग.

---

बक्कल नंबर – शुक्रवार, दुपारी ४.००

आईंना माझा नमस्कार सांगा. न्यायालयात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायची हमी लिहून देऊन, मागता येते पिशवी. पण शिवू मात्र देणार नाहीत. ती चीर आता सरकारची.